संगीतसंग्रह लावायला घेतला: ४२,३१६ फायलींच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी

परवा एक ठुमरी शोधायला पाऊण तास लागला. सापडली ती ‘नवीन फोल्डर (२)’मध्ये, ‘ट्रॅक ०३’ या नावाने. त्याच रात्री ठरवलं, हा संग्रह आता लावायचाच. असंच काम कोणी अंगावर घेणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय. चुका लपवणार नाही.

आज फक्त मोजदाद. तीन जुन्या हार्ड डिस्क, एक लॅपटॉप, दोन पेनड्राइव्ह यांवरचं सगळं नव्या ४ टीबीच्या डिस्कवर उतरवलं. एक डिस्क यूएसबी २ची असल्यामुळे रात्रभर कॉपी चालू होती. एकूण ४२,३१६ फायली, साधारण ६५० जीबी. त्यात एमपी३ २७,९०४, फ्लॅक (आवाज न गमावता लहान केलेल्या) ११,२५०, वेव्ह (लहान न केलेल्या, जशाच्या तशा) २०४ आणि एम४ए, डब्ल्यूएमए वगैरे २,९५८.

या २०४ वेव्ह फायलींसाठीच खरं तर जीव तुटतो. काकांनी खासगी बैठकांतून टेप केलेल्या १०२ कॅसेटी, म्हणजे २०४ बाजू. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी, बाजूला पंचेचाळीस मिनिटं. बाकी सगळं उद्या नाहीसं झालं तरी पुन्हा मिळवता येईल. हे मिळणार नाही.

जुन्या डिस्क कपाटात ठेवल्या. काम पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

९ जानेवारी

नावं लावण्याआधी फायली धड आहेत का ते तपासलं. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण (आवाज जरा बदलला तरी बदलणारा, गणिताने काढलेला आकडा) साठवलेली असते, त्यामुळे फाइल उलगडून ती खूण जुळते का हे प्रोग्राम स्वतःच सांगतो. ११,२५०पैकी १९ नापास. त्यातल्या ११ दुसऱ्या डिस्कवर चांगल्या सापडल्या, ८ गेल्या. एमपी३ला अशी सोय नाही. त्या सगळ्या एफएफएमपेग या प्रोग्रामने नुसत्या उलगडून पाहिल्या आणि चुकांची यादी काढली. सुरुवातीला किरकोळ कुरकुर करणाऱ्या शंभरेक निघाल्या, त्या वाजतात नीट. ३१ मात्र मध्येच तुटलेल्या होत्या.

वेव्हला कसलीच खूण नसते. त्या २०४ फायलींची एसएचए-२५६ यादी (प्रत्येक फाइलची तशीच एक खूण) करून वेगळी ठेवली. हे मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. आज केलेली यादी एवढंच सांगते की आजपासून पुढे फाइल बदललेली नाही. आजपर्यंत काय झालं ते तिला ठाऊक नाही.

१२ जानेवारी

दुबार फायली. आधी अक्षरशः बाइट-दर-बाइट सारख्या असलेल्या काढल्या: ३,८७० फायली, २९ जीबी. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पण टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या गायक, अल्बम वगैरे माहितीत, एक अक्षर बदललं तरी फाइल वेगळी ठरते, आवाज तोच असला तरी. म्हणून दुसऱ्या फेरीत क्रोमाप्रिंट या साधनाने प्रत्येक फाइलचा ध्वनिठसा काढला आणि ठसे जुळवले. आणखी २,६०० जोड्या निघाल्या. नियम असा ठेवला: फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही असतील तर फ्लॅक ठेवायची, दोन एमपी३ असतील तर जास्त बिटरेटची, म्हणजे सेकंदाला जास्त माहिती साठवणारी. प्रोग्रामला सांगून झोपलो.

१४ जानेवारी

परवाच्या नियमाने घात केला. एक आवडता ख्याल लावला तर तिसऱ्या मिनिटाला बंद. पाहिलं तर ३२० केबीपीएसची अर्धवट उतरलेली फाइल राहिली होती आणि १९२ची पूर्ण फाइल उडवली होती. ठसा काढणारा प्रोग्राम सांगितलं नाही तर फक्त पहिली १२० सेकंद ऐकतो. सुरुवात तीच, म्हणजे ठसा तोच. मी लांबी पडताळलीच नव्हती. ९ तारखेला तुटलेल्यांची यादी हातात असूनही ती बाजूला काढायची राहिली होती.

कपाटातल्या डिस्क काढून सगळ्या जोड्यांची लांबी पुन्हा मोजली. ज्यांच्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक, त्या ८४ जोड्या एकेक करून ऐकल्या. २७ गाणी अशी वाचली. वेळ: दोन संध्याकाळी.

याच वेळी आणखी एक उलगडलं. ‘फ्लॅक मोठी म्हणजे चांगली’ हेही नेहमी खरं नसतं. काही फ्लॅक फायलींचा स्पेक्ट्रम (किती उंचीपर्यंतचे आवाज आहेत त्याचं चित्र) पाहिला तर १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नव्हतं, सुरीने कापल्यासारखं. म्हणजे कोणीतरी १२८ केबीपीएसची एमपी३ फ्लॅकच्या डब्यात भरली होती. मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांतही वरचे स्वर मुळातच नसतात, त्यामुळे नुसतं चित्र पाहून फाइल उडवू नका. जुन्या मुद्रणात आवाज वर जाताना हळूहळू विरतो. एमपी३त तो एका रेषेवर तुटतो.

१७ जानेवारी

वेव्हमध्ये टॅग ठेवण्याची सोय तोकडी, प्रत्येक प्लेअर ते आपल्या मर्जीने वाचतो किंवा वाचतच नाही. म्हणून २०४ बाजू फ्लॅकमध्ये आणल्या. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही जात नाही, आणि बनवतानाच पडताळणी करायचा पर्याय चालू ठेवला होता. ९७ जीबीचे ५८ झाले. कॅसेटची खरखर नीट दाबली जात नाही, नाहीतर आणखी कमी झाले असते.

कॅसेटच्या वेष्टनांवर काकांच्या अक्षरात लिहिलंय: कोण गायलं, साथीला कोण, राग, ताल, कुठली बैठक. ते सगळं कॉमेंटच्या रकान्यात टाइप करायला घेतलं. मागे कधीतरी केलेली एक यादी सापडली, पण ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. आता तो फॉन्ट नाही, त्यामुळे पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. पुन्हा वेष्टनंच समोर घेतली. तीन संध्याकाळी गेल्या. पण एकेक वेष्टन वाचताना फार बरं वाटत होतं.

२१ जानेवारी

बाजारात आलेल्या अल्बमांसाठी म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या खुल्या संगीतसूचीचा डेटा घेतला. हे काम अपेक्षेपेक्षा सुरळीत झालं. चारशेच्या वर अल्बम दोन दिवसांत लागले. एकच गोष्ट आधी ठरवून घ्या: साल कुठलं धरायचं. सीडी पुन्हा निघते तेव्हा तिचं साल नवं असतं, आणि मग साठच्या दशकातलं गाणं यादीत २००४खाली बसतं. मी मूळ प्रकाशनाचं साल दाखवायचं ठरवलं, पुनर्मुद्रणाचं वेगळ्या रकान्यात.

संकलनांचाही घोळ होतो. ‘अल्बम कलाकार’ हा रकाना रिकामा असला की वीस गायकांची एक सीडी वीस अल्बम होऊन बसते. तिथे सगळीकडे ‘अनेक कलाकार’ टाकलं.

२३ जानेवारी

आजची नोंद लिहायला हात जात नाही, पण लिहितो.

काल रात्री उत्साहात कॅसेटींचा फोल्डरही आपोआप टॅग लावणाऱ्या प्रोग्राममध्ये ओढला. वाटलं, ओळखलं नाही तर सोडून देईल. पण तो ध्वनिठशावरच थांबत नाही, टॅगमधली नावंही जुळवून पाहतो. गायकाचं नाव तेच, राग तोच, म्हणून त्याने ५८ बाजूंना बाजारातल्या अल्बमांची नावं देऊन टाकली. आणि ‘आधीचे टॅग पुसा’ हा पर्याय मी दोन दिवसांपूर्वी चालू केला होता, दुसऱ्या फायलींमधली जाहिरातीची घाण जावी म्हणून. कॉमेंट गेल्या. टॅगचा बॅकअप नव्हता. कपाटातल्या वेव्हमध्ये आवाज आहे, मजकूर नाही. चूक सर्वस्वी माझी.

५६ बाजूंची वेष्टनं आहेत. पुन्हा टाइप करायला साडेचार तास लागले. पण एका कॅसेटच्या वेष्टनावरची शाई पार उडालीय. तिच्या दोन बाजूंची माहिती मी गेल्या आठवड्यात काकांना फोन करून घेतली होती. आज पुन्हा केला.

‘काका, एकोणीस नंबरची कॅसेट. साथीला कोण होतं म्हणाला होतात?’

‘मारवा आहे ना रे तिच्यावर? तबल्याला... थांब. अरे, सांगितलं होतं ना तुला मी?’

‘सांगितलं होतंत. माझ्याकडून पुसलं गेलं.’

तबलजीचं नाव त्यांनी तेच सांगितलं. साल मात्र गेल्या वेळी १९८३ म्हणाले होते, आज १९८४ म्हणाले. कुठलं खरं, त्यांनाही सांगता येईना. त्यांना पुन्हा पुन्हा विचारून छळावंसं वाटलं नाही. रकान्यात ‘१९८३ किंवा १९८४’ असं लिहिलंय.

यावर केलेली तजवीज: टॅगला हात लावण्याआधी सगळ्या फायलींचे टॅग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचे. फ्लॅकसाठी मेटाफ्लॅक या प्रोग्रामने हे होतं. २०४ फायलींना एक मिनिटही लागत नाही. आणि कॅसेटींचा फोल्डर फक्त-वाचा (बदल करता न येणारा) करून ठेवला. ज्याची दुसरी प्रत जगात नाही त्याला स्वयंचलित प्रोग्राम दाखवायचाच नाही.

२६ जानेवारी

देवनागरी टॅग. हे आपल्या लोकांना दुसऱ्या भाषेतल्या मार्गदर्शनात मिळत नाही, म्हणून सविस्तर.

पहिला प्रकार, बिघडलेली अक्षरं. यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक अक्षराच्या जागी, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि पाठोपाठ काहीबाही चिन्हं दिसतात. हा मजकूर जिवंत आहे. यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) मजकूर चुकीच्या अक्षर-कोष्टकाने वाचला गेलाय एवढंच. एमपी३टॅग या प्रोग्राममध्ये कोष्टक बदलून असे ६०० टॅग परत आले. दुसऱ्या जातीत नुसती प्रश्नचिन्हं असतात. तिथे कुठल्यातरी प्रोग्रामने देवनागरी न पेलणाऱ्या कोष्टकात मजकूर जतन केलाय आणि मूळ अक्षरं कायमची गेलीत. मी दोन तास ती परत आणायच्या खटपटीत घालवले. तुम्ही घालवू नका. पुन्हा टाइप करा.

काही शीर्षकं मध्येच तुटलेली होती. कारण आयडी३ या एमपी३ टॅगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती. फाइलच्या शेपटीला १२८ बाइटांची चिठ्ठी, त्यात शीर्षकाला ३० बाइट. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं, तीही काना-मात्रा धरून. दुसऱ्या आवृत्तीचे टॅग पूर्ण आहेत याची खात्री करून पहिल्या आवृत्तीच्या चिठ्ठ्या सरसकट काढून टाकल्या.

दुसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही, आणि त्याने मला पुरता दिवसभर नाचवलं. ‘दुसऱ्या दिवशीची बैठक’ या नावाचे तीन फोल्डर. अक्षर न् अक्षर सारखं. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो: ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह आणि हलन्त, साधा ‘र’, त्याला वेगळा नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, संगणकाचा दुसरी. पडद्यावर तिन्ही एकच. संगणकाला तीन वेगळी नावं.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या नियमाने एक होतात. तिसरी होत नाही, ती शोधा-आणि-बदलाने करावी लागली. गझलांच्या बाबतीत उलटं: ‘ग़’, ‘ज़’ या नुक्तावाल्या अक्षरांची एकसंध चिन्हं एनएफसी मोडून दोन करतं. दोन्ही ठीकच आहे, सगळीकडे एकसारखं झालं की पुरे. माझ्याकडे संगीतप्रकाराच्या यादीत ‘गझल’, ‘ग़ज़ल’ आणि पुन्हा ‘ग़ज़ल’ अशा तीन ओळी होत्या. आता एकच आहे, मराठी ‘गझल’.

२९ जानेवारी

राग, ताल, साथ यांसाठी वेगळे रकाने केले. फ्लॅकमध्ये हवा तो रकाना बनवता येतो, म्हणून हौसेने नाव दिलं ‘राग’, देवनागरीत. प्रोग्रामने नाकारलं. रकान्याचं नाव रोमन अक्षरांतच असावं लागतं, आतला मजकूर कुठल्याही लिपीत चालतो. एमपी३त अशा स्वतःच्या रकान्यांसाठी वेगळी जागा असते, तिथे तीच रोमन नावं दिली म्हणजे दोन्हीकडे शोध एकसारखा चालतो.

कलाकारांची नावं लावताना ‘पं.’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ यांचा प्रश्न आला. अर्धा संग्रह ‘प’खाली गोळा झाला होता. उपाय सोपा, बिरुद काढून टाकायचं. चाळीसेक नावांवर ते केलंही. पण पडद्यावर ती नावं नुसती, एकेरी वाटावी अशी दिसायला लागली आणि मला ते बघवेना. परत घातली. आता दिसणाऱ्या नावात बिरुद आहे, आणि क्रम लावायच्या वेगळ्या रकान्यात आडनाव आधी, बिरुदाशिवाय. तो क्रमाचा रकाना सगळ्यांसाठी एकाच लिपीत ठेवा. नाहीतर रोमन नावं संपल्यावर देवनागरी सुरू होतात आणि एकच गायिका दोन टोकांना सापडते.

जुगलबंदीत दोन नावं असतात. एमपी३च्या टॅगची २.३ ही आवृत्ती दोन नावांमध्ये तिरकी रेघ मानते, त्यामुळे एसी/डीसी या बँडचे माझ्या प्लेअरने दोन कलाकार केले. मी अर्धविराम वापरला आणि प्लेअरला तसं सांगितलं.

२ फेब्रुवारी

आता कुठे फायलींची नावं आणि फोल्डर. टॅग पक्के झाल्यावरच हे करायचं, कारण नावं टॅगवरून आपोआप तयार होतात. साचा: कलाकार, त्यात साल आणि अल्बम, त्यात क्रमांक आणि शीर्षक. क्रमांक दोन आकडी, नाहीतर १नंतर १० येतो.

साच्यात डिस्कचा क्रमांक घालायला विसरलो. दोन सीडींच्या अल्बमांची ‘०१’पासूनची गाणी एकमेकांत मिसळली. शीर्षकं वेगळी असल्यामुळे बहुतेक वाचली. पण ‘०१ ट्रॅक ०१’ अशी नावं असलेल्या एका संचात दुसरी सीडी पहिलीवर चढली. तो संच कपाटातल्या डिस्कवरून परत आणला.

साच्याची फेरी आधी कोरडी चालवता येते, म्हणजे फक्त जुनं नाव-नवं नाव अशी यादी दिसते, बदल काही होत नाही. ती मी चालवली होती. पण ३५,००० ओळी कोण वाचतो म्हणून वरवर चाळली. एकच नवं नाव दोनदा आलंय का हे शोधायला स्प्रेडशीटमध्ये दोन मिनिटं लागली असती.

५ फेब्रुवारी

घरातल्या सर्व्हरवर प्रत पाठवली. आज सहज मोजलं तर ४३ फायली कमी. परवाच्या कॉपीत चुकांचे संदेश आले होते आणि इतर ओळींबरोबर वर सरकून गेले होते.

कारण पुन्हा देवनागरी. सर्व्हरवर लिनक्स आहे, आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा. तीन-तीन बाइटांनी ८५ चिन्हं. विंडोजवर मोजणी वेगळी असल्यामुळे तिथे २५५ चिन्हंसुद्धा बसतात. मी कॅसेटींच्या फायलींना राग, ताल आणि बंदिशीची पहिली ओळ असं लांबलचक नाव दिलं होतं. आता फाइलच्या नावात कॅसेट क्रमांक, बाजू आणि राग एवढंच. बंदिश टॅगमध्ये. चिन्हांची कमाल मर्यादा ७० धरली.

८ फेब्रुवारी

६४ प्लेलिस्ट उघडेनात. त्यांच्यात फायलींचे पूर्ण जुने पत्ते होते आणि ते पत्ते मी सहा दिवसांपूर्वी पुसून टाकले. यातल्या काही पंधरा वर्षं जपलेल्या.

त्या वाचल्या त्या एका योगायोगाने. दुबार फायली शोधताना प्रत्येक फाइलच्या नुसत्या आवाजाची, टॅग वगळून, एमडी५ खूण काढून जुन्या पत्त्यासोबत लिहून ठेवली होती. नाव बदललं, टॅग बदलले, तरी ही खूण तीच राहते. नव्या संग्रहावर तीच मोजणी करून जुना पत्ता-नवा पत्ता अशी जोडयादी बनवली आणि प्लेलिस्टमध्ये अदलाबदल केली. ६१ पूर्ण चालू झाल्या. उरलेल्या तिघींत काही गाणी नाहीत, ती ९ जानेवारीच्या नापास फायलींत गेली. नवे पत्ते सापेक्ष ठेवलेत, म्हणजे डिस्क बदलली तरी चालतील.

१० फेब्रुवारी

आवाजाची पातळी सारखी करायला रिप्लेगेन ही पद्धत वापरली, अल्बमप्रमाणे. मूळ आवाजाला धक्का लागत नाही, फक्त टॅगमध्ये आकडा लिहिला जातो. गाण्याप्रमाणे मोजलं असतं तर संथ आलाप आणि द्रुत बंदिश एकाच जोरात वाजली असती. मुखपृष्ठांची चित्रं फाइलच्या आत न घालता फोल्डरमध्ये एकेकच ठेवली.

१३ फेब्रुवारी

आता ३५,०८१ फायली. प्रती तीन: कामाची डिस्क, सर्व्हर आणि एक डिस्क दुसऱ्या घरी. तिन्हींवर एसएचए-२५६ याद्या. दुसऱ्या घरी नेण्याआधी त्या डिस्कवरून शंभर फायली परत उतरवून यादीशी ताडून पाहिल्या. शंभरच्या शंभर जुळल्या. कामाला एकूण साधारण ११० तास लागले, त्यातले तीसएक निव्वळ माझ्या चुका निस्तरण्यात.

२०४ बाजूंपैकी ३७ बाजूंचा राग अजून लागलेला नाही. वेष्टनावर फक्त ‘सकाळचं’ किंवा ‘शेवटची भैरवी, आधी?’ असं काहीतरी आहे. तो रकाना रिकामा ठेवलाय, अंदाजाने काही भरलेलं नाही. रविवारी काका येतायत. बेचाळीस नंबरच्या बी बाजूपासून सुरुवात करू, तिच्यात बाविसाव्या मिनिटाला कोणीतरी दाद देतं, आणि मला वाटतं तो त्यांचाच आवाज आहे.